काळी जोडी की तपकिरी

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका बाईंचा नंबर काढत होतो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या अंधाऱ्या खोलीत तपासणीची खुर्ची आणि समोर अक्षरांचा फळा. बाईंच्या नाकावर तपासणीची जड चौकट होती, डाव्या डोळ्यावर झाकण होतं. उजव्या डोळ्यापुढच्या काचा बदलत मी विचारत होतो, "हे स्पष्ट, की हे?" तेवढ्यात फोन वाजला. मेहुणीचा होता. बायको तिच्याकडे राहायला गेली होती. मेहुणी नुसती "भाऊजी, भाऊजी" म्हणत राहिली. मग साडूने फोन घेतला आणि सांगितलं. सकाळचा चहा पिता पिता. कप खाली ठेवला आणि गेली, म्हणाला.

मी तसाच निघालो. बाईंना काही बोललोच नाही. त्यांना वाटलं मी आतून दुसरी काच आणायला गेलोय. एक डोळा झाकून त्या अंधारात बराच वेळ बसून राहिल्या. शेवटी शेजारच्या शिंप्याने येऊन दिवा लावला. नंतर घरी भेटायला आल्या तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटलं, हाही तपासणीचाच भाग असेल. हलायचं नाही." मला हसू आलं. तिच्यानंतरचं ते पहिलं हसू. भेटायला आलेल्या माणसासमोर हसणं बरं दिसत नाही, म्हणून मी खोकलो. ही असती तर ही गोष्ट तिने गल्लीभर सांगितली असती, आणि प्रत्येक घरी त्या बाई थोडा जास्त वेळ बसल्या असत्या.

दुकान आमचं दोघांचं होतं. मी आत नंबर काढायचो, ती बाहेर फ्रेम निवडून द्यायची. माझं काम मोजमापाचं, तिचं तोंड बघून बोलायचं. "काका, हा घेऊ नका. यात तुमचं नाक भाड्याने आणल्यासारखं दिसतंय." काका हसायचे आणि तिने काढून दिलेला घ्यायचे. एकदा एका गृहस्थांना तिने सरळ सांगितलं, "तुम्हाला चष्मा शोभत नाही. पण दिसतही नाही, तेव्हा इलाज नाही." ते गृहस्थ तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना आमच्याकडेच आणतात.

आता स्पीकरचं सांगतो.

आमचा जुना गाण्यांचा संच एक दिवस खरखरला आणि बंद पडला. ओळखीचा एक स्पीकरवाला आहे. त्याचं नाव हिने भोंगा ठेवलं होतं, कारण तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जातं. त्याच्या दुकानात आम्ही दोघं गेलो, आणि व्हायचं तेच झालं. मला एक जोडी आवडली, तिला दुसरी. माझी काळी, उंच, कमरेपर्यंत येणारी. तिची तपकिरी, बिस्किटांच्या डब्याएवढी. दोघांपैकी कोणी ऐकेना. भोंगा शहाणा माणूस. म्हणाला, "दुकानात भांडू नका, गिऱ्हाईक पळतं. दोन्ही घरी न्या. ऐका. एक ठेवा, एक परत करा."

घरी आणल्यावर भांडणाला जोर चढला. ही काळ्या जोडीकडे बघून म्हणाली, "हे काय, घरात दोन वॉचमन उभे केलेत?"

मी म्हटलं, "दिसण्यावर जाऊ नकोस. ऐक."

"ऐकलं की. गाणारी बाई विहिरीत पडलीय, आणि ढोलवाला मदत करायची सोडून काठावर वाजवत बसलाय."

"आणि तुझ्या डब्यात ढोलवाला आलाच नाही. वाटेत बस चुकली त्याची."

"नसू दे. बाई तरी जिवंत आहे."

असं आठवडाभर चाललं. मी दुकानात असताना ती दोन्ही जोड्या लावून बघायची. संध्याकाळी मी आलो की निकाल तयार. "डोळे झाकून सांगते, तपकिरी." मी म्हणायचो, "डोळे झाकून नाही, कान झाकून सांगतेस." मग ती बहिणीकडे गेली. जाताना दारातून म्हणाली, "मी येईपर्यंत परत करू नका. तुमचा भरवसा नाही." ते भांडण तसंच राहिलं.

त्यानंतर दोन्ही जोड्या बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या. काळे खाली जमिनीवर, तपकिरी दोन स्टुलांवर. भोंग्याने बरेच दिवस विषय काढला नाही. भेटायला आला तेव्हा त्यांच्याकडे पाठ करून बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. पण धंदा आहे त्याचा. एक दिवस त्याचा फोन आला. "साहेब, घाई नाही. पण दोन्हींपैकी कुठलीही जोडी चालेल असं एक गिऱ्हाईक आलंय. रविवारी येऊ का एक न्यायला? कुठली ते तुम्ही ठरवा."

मुलीला सांगितलं. ती दूर असते, फोनवर भेटते. म्हणाली, "बाबा, यात ठरवायचं काय? आईची जोडी ठेवा."

शिंपी म्हणाला, वहिनींची ठेवा. साडू म्हणाला, तिची ठेवा. सगळ्यांनी एकमताने निकाल दिला, आणि यातल्या एकानेही एकही जोडी ऐकली नव्हती.

मला ते पटेना. का ते सांगतो. आम्ही पत्ते खेळायचो. एकदा ती नुकतीच तापातून उठली होती, म्हणून मी हातातला हुकमाचा एक्का दाबून ठेवला आणि तिला जिंकू दिलं. डाव संपल्यावर तिने माझे पत्ते उलटे करून बघितले. सगळे पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा वाटले. म्हणाली, "आता नीट खेळा. मला भीक नको." तो डाव ती हरली, आणि चेहऱ्यावर रंग आला तिच्या.

तर आता ती नाही म्हणून तिची जोडी ठेवायची, म्हणजे पुन्हा एक्का दाबून ठेवायचा. ते मला करायचं नव्हतं. ती बरोबर असेल तर खरी बरोबर ठरायला हवी होती. चूक असेल तर चूक.

पण खरं काय ते कळणार कसं? मी एक दिवस दोन्ही लावून पाहिल्या. तपकिरी लावली आणि डोळे पुसावे लागले. काळी लावली, काही झालं नाही. यात स्पीकरचं काय कर्तृत्व? तिच्या जुन्या चपला समोर ठेवल्या असत्या तरी हेच झालं असतं.

माझ्या धंद्यात हे रोज बघतो. माणूस डोळ्याने बघतो थोडं आणि मनाने बघतो फार. महागडी काच आहे म्हटलं की त्याला फळ्याखालचा खिळासुद्धा दिसतो. म्हणून माझी एक युक्ती आहे. मधूनच मी काच काढतो आणि तीच परत बसवतो. विचारतो, "आता?" निम्मे लोक म्हणतात, "हां, आता कसं!" त्यांना काही बोलायचं नाही. आपण समजून घ्यायचं, की हा खूश करायला बोलतोय, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

तेव्हा ठरवलं. परीक्षा घ्यायची. पडदा लावून, कुठली जोडी वाजतेय ते कळू न देता. खुर्चीत मी.

मेहुणी शनिवारी आली, ताईचं कपाट आवरायला. मी तिला दारातच म्हटलं, "कपाट राहू दे. पडद्यामागे उभी राहा."

"भाऊजी, बरं आहे ना तुम्हाला?"

सगळं समजावून सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "एवढं कशाला? ताईने तपकिरी म्हटलं होतं ना? मग तपकिरी."

"तू पण?"

"मी बहीण आहे तिची. मी काय काळी म्हणू?"

तरी ऐकली. खिडकीच्या गजापासून दाराच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधली, दोन चादरी टाकल्या. चारही स्पीकर मागे गेले. भोंग्याने एक छोटं यंत्र दिलं होतं. बटण एकीकडे केलं की काळी वाजते, दुसरीकडे केलं की तपकिरी. देताना त्याने बजावलं होतं, "आवाज दोन्हीचा सारखा करा हां साहेब. जरा मोठा वाजला की माणसाला तोच चांगला वाटतो." हे मला नवीन नव्हतं. भांडणातही मोठ्याने बोलणाराच खरा वाटतो. मुलीने फोनवरून सांगत माझ्या मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी घालून घेतलं. नुसती खरखर वाजवून दोन्ही जोड्या सारख्या करून घेतल्या. ते जमलं तेव्हा मला दुकानात असल्यासारखं वाटलं. बरं वाटलं.

गाणं एकच ठरवलं. एक बाई गाते, मागे ढोल आणि बासरी. दोघांनाही आवडायचं ते.

सुरू केलं.

"पहिली!" मेहुणी चादरीमागून ओरडली, जणू मी पुढच्या गावात बसलोय. गाणं वाजलं. "आता दुसरी!"

पहिल्या दोन फेऱ्यांतच माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "थांब. काळी लावताना तू बटण आपटतेस. तपकिरी लावताना हळूच दाबतेस."

चादरीमागून डोकं बाहेर आलं.

"अगं, आवाज येतो इकडे. खट् झालं की मला कळतं, काळी आली."

"मला नाही आवडत ते काळे. मेल्यांनी अर्धी खोली अडवलीय."

"तुला आवडायचा प्रश्नच नाही. तू फक्त बटण दाबायचंस."

"ताईला तुम्ही असंच बोलायचात का हो?"

"तिने ऐकून घेतलं असतं का?"

"तेही खरंच."

पुन्हा सुरू. आता बटण नीट वाजत होतं, पण ही बया तपकिरी लागली की बाईच्या मागोमाग गुणगुणायची. काळी लागली की गप्प. मी तिच्या तोंडात पेन्सिल धरायला दिली. पेन्सिल तोंडात असताना तिने मला काहीतरी म्हटलं. कळलं नाही, पण शिवीच असावी.

मग तिने तिचा सूड घेतला.

"पहिली," पेन्सिलीतून आवाज आला. मी डोळे मिटून ऐकलं. "दुसरी." ऐकलं. मी अगदी तयारीने सांगितलं, "पहिली कोंदट आहे. गोधडी पांघरून बोलल्यासारखी. दुसरी मात्र मोकळी. ढोल कसा समोर येऊन उभा राहिला. बासरीलाही जागा मिळाली."

चादर थरथरायला लागली. मला वाटलं रडतेय. बाजूला केली तर मेहुणी जमिनीवर बसून हसत होती, पेन्सिल गळून पडली होती.

"भाऊजी, बटणाला हात लावला नाही मी! दोन्ही वेळा काळीच!"

"असं कसं?"

"तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांच्या गोष्टी? काच काढायची आणि तीच परत लावायची? बासरीला जागा मिळाली म्हणे! कुठे मिळाली, सांगा, दाखवा मला."

मी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. पण मनात म्हटलं, आता परीक्षा नीट होईल. फसलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी खरं बोलतं.

मग आम्ही शिस्तीने घेतलं. कुठली जोडी आधी, ते तिने नाणं उडवून ठरवायचं. ती मध्येच तीच जोडी दोनदा लावू शकते, हेही मान्य. मी आवडली ती सांगायची, आणि तिने त्या जोडीच्या वाटीत एक काडी टाकायची, काड्यापेटीतली. मी वाटी बघायची नाही. मी ठरवलं होतं, फरक कळला नाही तर कळला नाही म्हणायचं. सुरुवातीला तसं म्हणायची लाज वाटली. मग सवय झाली.

दुपार त्यातच गेली. मध्ये चहा झाला. चहा पिताना मेहुणीचा चेहरा मी वाचायचा प्रयत्न केला, तर तिने कप तोंडापुढे धरून ठेवला. संपल्यावरही.

पेटी संपत आली तेव्हा तिने चादर बाजूला केली आणि दोन्ही वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. काळ्याची वाटी भरलेली होती. तपकिरीत तळाला थोड्या काड्या.

मी जिंकलो होतो. रीतसर, पडद्याआडून. ढोल खराच त्यात चांगला होता, आणि बाई विहिरीत वगैरे पडली नव्हती. आता ही बाहेरून येईल आणि मी म्हणेन, बघ, असं एक क्षण वाटलं. मग बसून राहिलो. चिडवायला कोणी नव्हतं. मेहुणी होती, पण तिला चिडवणं म्हणजे पोटनिवडणूक जिंकणं.

"म्हणजे काळी ठेवणार," ती म्हणाली.

"निकाल निकाल आहे."

"ताई हरली."

"हरली तर हरली. तिलाही तेच हवं असतं."

ती वाट्या उचलायला लागली. अर्ध्यात थांबली. म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? ताई या खुर्चीत कधी बसलेली बघितलीत तुम्ही?"

"म्हणजे?"

"बसून, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, गाणं ऐकत. बघितलीत?"

मी आठवून पाहिलं. खुर्चीत ती बसायची. पाहुणे आले की काठावर. बटण लावायला. फोनवर, पण बोलता बोलता उठायचीच. गाणं ऐकत? नाही.

"कुठून ऐकायची ती?" मेहुणीने विचारलं.

"ओट्याजवळून."

"तोंड कुठे?"

"भिंतीकडे. भांडी असायची ना."

"आणि नळ?"

नळ सोडलेलाच असायचा. माझ्या दुकानात कोणीही आलं तरी पहिला प्रश्न मी विचारतो, काम काय करता? शिंप्याचं अंतर वेगळं, ड्रायव्हरचं वेगळं, तबल्यासारखं पोट असलेल्या कारकुनाचं तर फारच वेगळं, त्याचा कागद हातभर लांब असतो. जिथून बघणार त्या अंतराचा नंबर काढायचा. शिंप्याला ड्रायव्हरचा चष्मा दिला तर तो सुई बोटात घालेल, आणि चूक त्याची नव्हे. हे मी सगळ्यांना विचारतो. उभ्या गावाला विचारलंय. आणि इथे माझ्या खुर्चीतून तिचा नंबर काढून मोकळा झालो होतो.

"उठ," मी मेहुणीला म्हटलं. "पेन्सिल घे."

स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीला लागूनच आहे, मध्ये दार. मी ओट्याशी गेलो, खोलीकडे पाठ केली, नळ सोडला. सिंकमध्ये भांडी होतीच. ती हल्ली असतातच.

"पहिली!" मेहुणी ओरडली. पेन्सिल तिने घेतली नव्हती, पण इतक्या लांबून गुणगुणणं ऐकू येण्याची भीती नव्हती. "भाऊजी, घासताय ना?"

"घासतोय!"

"नुसतं उभं राहायचं नाही! ताई नुसती उभी राहायची नाही!"

"अगं घासतोय म्हटलं ना! तवा आहे हातात!"

"मग आवाज कसा येत नाही?"

मी तवा सिंकवर आपटून दाखवला.

गाणं लागलं. भिंतीतून धमधम आली. शेजारी कोणी कपाट सरकवतंय असं वाटलं. बाई कुठे आहे ते कळेना. नळ आणि ती दोघं मिळून काहीतरी म्हणत होते. मग मेहुणी ओरडली, "दुसरी!" आणि बाई आली. ढोल गेला, बासरीही बारीक झाली, पण शब्द आले. एकेक शब्द. मी हातातला तवा ठेवला नाही, घासत राहिलो, आणि ओरडलो, "हिच्यात शब्द कळतात!"

"ही कुठली ते मी सांगणार नाही!"

"नको सांगूस! पुढचं लाव!"

वाट्या तिने रिकाम्या केल्या होत्या आणि काड्यांचं काम आताही तिच्याकडेच होतं, माझे हात साबणाचे. नाणं उडवायची, लावायची, मी ओरडायचो, पहिली, दुसरी, दुसरी, पहिली. एकदा म्हणालो, "दोन्ही सारख्याच!" तर तिकडून आवाज आला, "शाबास! बदललीच नव्हती!" खालच्या मजल्यावरच्यांनी घंटी वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मेहुणीने त्यांना सांगितलं, "भाऊजी भांडी घासतायत." ते गेले. याने त्यांचं समाधान कसं झालं कोण जाणे.

भांडी संपली तेव्हा परीक्षाही संपवली. काळ्याच्या वाटीत एकही काडी नव्हती.

मेहुणीने दोन्ही वेळचा निकाल टेबलावर मांडला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. अगदी ताईसारखी. "झालं? खुर्चीत काळी, ओट्याशी तपकिरी. बरोबरी."

"बरोबरीने काय होतंय? भोंगा उद्या एक नेणार."

"मग सांगा. खुर्ची मोठी की ओटा?"

हात पुसत मी बाहेरच्या खोलीत आलो. परीक्षेसाठी खुर्चीत बसायला मला आधी तिच्यावरचे वाळलेले कपडे उचलावे लागले होते. महिने झाले असतील मी तिच्यात नीट बसलो त्याला. दुकानातून आलो की मी भाजी चिरतो, करपवतो, खातो आणि मग भांडी. झोपेपर्यंत मी ओट्याशीच असतो. घरात गाणं लावायचं झालं तर ते ऐकणारा एकच माणूस आहे, आणि त्याची पाठ खोलीकडे असते.

मी म्हटलं, "तपकिरी ठेवायची."

मेहुणीने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "ताईसाठी म्हणून?"

"नाही. मला तीच बरी ऐकू येते."

"खरंच?"

"तू पडद्यामागे होतीस ना? एक तरी काडी खोटी होती का?"

तिने पुन्हा वाटीत पाहिलं, जणू काड्या काही वेगळं सांगतील. मग चेहरा ओढणीत घालून आत गेली आणि कपाट आवरायला घेतलं. मी चहा ठेवला. गोड झाला जास्त. तिने सगळा प्यायला.

मुलीचा फोन आला. "म्हणजे शेवटी आईचीच जोडी ठेवलीत. मी आधीच सांगत होते."

"आईची नाही. मी निवडली."

"तेच की बाबा."

"तेच नाही."

"बरं, तेच नाही," ती म्हणाली. तिच्या आईला भांडण मिटवायचं नसलं की तीही असंच म्हणायची.

भोंगा रविवारी आला. काळी जोडी उचलताना त्याचा जीव हळहळला. "साहेब, माझ्या दुकानातली चांगली जोडी परत करताय. काय ऐकून ठरवलंत?"

"ओट्याशी उभा राहून ऐकलं."

"ओट्याशी?" खिडकीवरचं कबूतर उडालं. "अहो, स्पीकर असे ऐकत नाहीत! मध्ये बसायचं, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवायचं..."

"तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

त्याने थोडा विचार केला आणि विषय बदलला. तपकिरी जोडीकडे बघून म्हणाला, "मग निदान स्टुलावरून तरी काढा ती. स्वयंपाकघराच्या भिंतीला फळी मारा. कानाच्या उंचीला हां. कान जिथे, स्पीकर तिथे. त्याहून खाली-वर गेलं की मजा गेली."

काळे वॉचमन गेले. खोली मोठी झाली.

सुतार दुसऱ्याच दिवशी आला. टेप लावली, भिंत ठोकून बघितली, म्हणाला, फळी उद्याच तयार करतो, फक्त उंची सांगा. मी त्याला म्हटलं, माझ्या कानाची घे. त्याने मला ओट्याशी उभं केलं आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. बायको माझ्या खांद्याला लागायची. तो वळल्यावर मी त्या खुणेखाली, अंदाजाने, तिच्या कानाची दुसरी केली. त्याने ती पाहिली आणि विचारलं, "साहेब, यातली कुठली?" मी म्हटलं, सांगतो.

तो त्यानंतर दोनदा येऊन गेला. स्पीकर स्टुलांवरच आहेत. फळी अजून लागलेली नाही.